शताब्दीच्या वारीला मी घरी का राहिलो



(शताब्दी सोहळ्याच्या सांगतेला विठ्ठल मंदिरात केलेलं भाषण)

संत सज्जन मंडळी, विणेकरी, मृदंगमणी, टाळकरी, पताका धरणारे, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माऊल्या, आणि वारीच्या दिवसांत मागं राहून जनावरं सांभाळणारी घरची माणसं, तुम्हा सगळ्यांच्या पायावर डोकं ठेवतो.

मला कीर्तन सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कीर्तनात संतांचा अभंग पुढं असतो, आपण त्याच्या आडोशाला उभं राहतो. भाषणात आडोसा नाही. समितीची मंडळी म्हणाली, महाराज, चौथी शिकलेला शेतकरी कीर्तनकार कसा झाला तेवढं सांगा, स्मरणिकेत छापायचं आहे. तेवढं सांगून खाली बसलो असतो. पण गेले काही महिने पारावर, बाजारात, गिरणीत दळण घेऊन गेलो तरी एकच प्रश्न कानावर येतोय. 1924 ला अकरा माणसं आणि एक बैलगाडी घेऊन निघालेली आपली दिंडी, तिला यंदा शंभर वर्षं झाली. आणि महाराज, तुम्हीच कसे नव्हता?

कुणी म्हणालं, गुडघे गेले. कुणी म्हणालं, मानपानावरनं बिनसलं. एकानं तर सांगितलं की मला कुठल्या मोठ्या सप्ताहाची सुपारी मिळाली म्हणून मी दिंडी सोडली. आषाढीला कुणी सप्ताह ठेवतं का रे बाबा! मी 1983 पासून चालतोय. करोनाच्या 2020 आणि 2021 या दोन वर्षी पायी वारीच निघाली नाही, माऊलींच्या पादुका एसटीनं गेल्या. ती दोन वर्षं सोडली तर गेल्या वर्षापर्यंत एकोणचाळीस वाऱ्या झाल्या. चाळिसावी चुकली. चुकली नाही, मी चुकवली. ती का, ते आज सांगतो. त्यातच मी कीर्तनकार कसा झालो तेही येईल.

आमचे वडील, तात्या, तुमच्यातल्या पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांना आठवत असतील. या दिंडीचा विणा त्यांच्या गळ्यात तीस वर्षांवर होता. उंच माणूस, आवाज चढा, आणि अक्षरओळख शून्य. अंगठा उठवायचे. पण हरिपाठ, काकडा, गाथ्यातले कैक अभंग तोंडपाठ. ऐकून ऐकून झालेलं पाठ.

1971 ला मी चौथी पास झालो. आपल्या गावात शाळा तेवढीच होती, पाचवीला पुढच्या गावात जावं लागायचं, पाच किलोमीटर. गुरुजी घरी आले होते. ओट्यावर बसून तात्यांना म्हणाले, पोरगं वाचनाला चांगलं आहे, पुढं घाला. तात्या म्हणाले, "गुरुजी, शेरडं कोण राखील?" संपलं. माझं दप्तर म्हणजे एक पिशवी होती, तिच्यात दुसऱ्या दिवसापासून भाकरी आली.

पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ. आपला माण तालुका तसा कायमचाच कोरडा, पण त्या वर्षी माणसं हादरली. तलावाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर सगळं गाव. तात्या आणि आई खडी फोडायचे, मी अकरा वर्षांचा, पाट्या उचलायचो. सुकडी खाऊन आणि त्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन आम्ही जगलो. हाताला फोड आलेले असायचे. आणि अशा दिवसांत रात्री जेवण झालं की तात्या चिमणी पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "काढ गाथा."

रोज. झोप अनावर व्हायची. एखादा शब्द गाळला की लगेच, "मागं ये." चुकीचा उच्चार केला की, "पुन्हा म्हण." मला राग यायचा. दिवसा शाळा नको म्हणता आणि रात्री वाचायला बसवता! एकदा मी बोलून गेलो, "मला साळंत घातलं न्हाय, मग ह्ये वाचायचं कशापायी?" तात्या काही बोलले नाहीत. चिमणीची वात तेवढी वर केली. मी हुंदके देत वाचलं. तो राग मी मनात तीस वर्षं ठेवला. बापाच्या पाठी टाळ वाजवत चाललो, पण मनात राग होताच.

सतरा वर्षांचा झालो आणि मुंबईला पळालो. 1978 साल. लालबागला आपल्या गावकीची खोली होती. तुमच्यातले बरेच जण तिथं राहिलेले आहेत. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं. पाळीप्रमाणं झोपायचं. एक उठला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा. जेवण खानावळीत. मी गिरणीत बदली कामगार लागलो. सकाळी जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत.

चाळीत एकादशीला भजन असायचं. साच्यावर आयुष्य गेलेला एक म्हातारा कामगार होता, घाटावरचाच. त्याच्यापाशी मी चाली शिकलो. साच्यांच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू यायचं, पण टाळ अर्धी मात्रा जरी मागं पडला तरी वळून बघायचा. तो विचारायचा, "तुला एवढं पाठ कसं रं?" मी म्हणायचो, बापानं मारून मुटकून पाठ करून घेतलंय. त्यावर तो हसायचा.

18 जानेवारी 1982 ला संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत बसलो. शेवटी हातात तिकिटाचे पैसे उरले तेव्हा गावाला आलो. गिरणी गेली. शेत होतं, पण पाणी नव्हतं. बाजरी, मटकी, हुलगा, दोन खिल्लार बैल, एक म्हैस. पुढच्या वर्षीपासून तात्यांच्या मागं दिंडीत चालू लागलो. त्याच्या पुढच्या साली लग्न झालं. म्हणजे एकविसाव्या वर्षी माझं नशीब ठरून गेलं होतं. शेतकरी, टाळकरी, आणखी काही नाही. कीर्तन वगैरे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी चार माणसांत बोलायलासुद्धा लाजायचो.

आता 2003. पुन्हा दुष्काळ. तुम्हाला आठवतंय, जनावरं छावणीत न्यावी लागली. वर पाचट, चार मेढी, आणि त्याच्याखाली आपली दावण. उसाचं वाढं यायचं, टँकरनं पाणी यायचं. मी आणि तात्या छावणीत, कारभारीण घरी पोरांबरोबर. तात्यांचे डोळे तोवर मोतीबिंदूनं गेल्यात जमा. विणा त्यांनी आधीच दुसऱ्याच्या गळ्यात दिला होता. रात्री बैलांच्या शेजारी घोंगडी टाकून बसलो की ते म्हणायचे, "काढ गाथा." मी बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि अजून तेच!

कंदिलाच्या उजेडात मी वाचायचो. शेजारच्या दावणीचे दोघे-चौघे येऊन बसायला लागले. एकानं विचारलं, "आरं, पर ह्येचा अर्थ काय?" मी म्हणालो, मला काय माहीत, मी काय महाराज आहे? तात्या म्हणाले, "सांग की, तुला जेवढा कळतुय तेवढा." समोर बैल रवंथ करत होता. मी त्याच्यावरनं सांगितलं. दिवसा जे घाईघाईनं गिळलं ते रात्री परत वर काढून चावायचं, त्याशिवाय अंगी लागत नाही. नामाचंही तसंच आहे. एवढंच बोललो. पण ती माणसं दुसऱ्या दिवशी आली, आणखी दहा घेऊन आली. पंधरा दिवसांत दोन-अडीचशे माणसं बसायला लागली. माणसाला दुष्काळात चाऱ्याइतकीच बोलण्याचीही भूक असते, हे मला तिथं कळलं.

एकादशीला त्यांनी मला उभंच केलं. कुणाचा तरी फेटा, कुणाचं उपरणं. मागं टाळकरी आपल्याच दिंडीचे. पाय थरथरत होते. अभंगाच्या दुसऱ्या चरणाला मी विसरलो. सगळं डोकं कोरं. तेवढ्यात मागनं तात्यांनी चरण धरला, त्याच चढ्या आवाजात. दिसत नव्हतं त्यांना, पण मी कुठं अडकलो ते बरोबर कळलं.

त्या रात्री मी त्यांचे पाय चेपत होतो. म्हणालो, "तात्या, तुमची गाथा उपयोगाला आली." तेव्हा ते जे बोलले ते मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगतो. म्हणाले, "आरं, गाथा मला पाठच हुती. तुज्याकडनं ऐकायची मला काय गरज? तुला साळंत घालायची माजी ऐपत न्हवती. आलेली अक्षरं तरी पुसू नयेत म्हणून वाचाय लावत हुतो."

मंडळी, तीस वर्षांचा राग. माझ्या हातात त्यांचा पाय होता, तो तसाच धरून मी बसलो. बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं, तेवढाच आवाज. पुढच्या वर्षी तात्या गेले.

इथवरची गोष्ट मी कीर्तनात खूप वेळा सांगितली आहे. लोक डोळे पुसतात. पण याच्या पुढची गोष्ट मी आजवर कुठंही सांगितलेली नाही.

छावणी उठली, माणसं आपापल्या गावाला गेली आणि माझं नाव घेऊन गेली. 'छावणीतला महाराज'. सप्ताहाची बोलावणी सुरू झाली. आधी पाच गावं, मग पंचवीस. काल्याचं कीर्तन मला द्यायला लागले. मोटारी न्यायला यायच्या. आणि मी जायचो. पेरणी असो, काढणी असो, म्हैस व्यायला झालेली असो, मी पुढच्या गावात. शेत कोण बघत होतं? घरी होती ती.

कीर्तनाचा पैसा घेणारा आणि देणारा, दोघांनाही तुकोबारायांनी कसं खडसावलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ठरवून कधी बोललो नाही, पण कुणी पाकीट हातात ठेवलं तर घेत होतो, हे कबूल करतो. एकदा ते पाकीट कारभारणीच्या हातात दिलं. तिनं मोजलं नाही. म्हणाली, "ह्ये पैसं देवाचं म्हणायचं का माज्या खुरपण्याचं?" मी हसण्यावारी नेलं. त्या बाईनं माझ्याच जमिनीत बारा महिने खुरपून मला देवाच्या दारात मोकळा सोडला होता. मी तिला काय उत्तर देणार?

2005 ला थोरली दहावी पास झाली, पहिल्या वर्गात. निकाल लागला तेव्हा मी बाहेरगावी सप्ताहाला, तिथनं परस्पर आळंदीला, आणि तिथनं दिंडीत. लोणंदच्या मुक्कामी आपल्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. घरनं सांगितलंय, अकरावीचा फॉर्म भरायचा आहे, तारीख जवळ आली आहे, सही आणि पैसे पाहिजेत. मी म्हणालो, "पंढरपूरहून आल्यावर बघू."

त्याच रात्री लोणंदला आपल्या राहुटीत माझं कीर्तन होतं. विषय मुक्ताबाई. ज्ञानोबाराय रागावून ताटी लावून आत बसले आणि सगळ्यांत धाकटी ती लेक बाहेर उभं राहून भावाला शहाणं करते, तो प्रसंग. मी काय बोललो होतो! लहान पोरीच्या तोंडून ज्ञान येतं ते ऐका, लेकींना दारं उघडा. माणसं रडली. मीही रडलो. आणि सही मागायला आलेला निरोप माझ्याच पिशवीत घडी घालून ठेवलेला.

पंढरपूरहून आलो तेव्हा तारीख गेली होती. तालुक्याला जाऊन विनंती केली असती तर काही झालं असतं, नसतं, पांडुरंग जाणे. मी गेलोच नाही. आणि मंडळी, आज खोटं बोलायचं नाही असं ठरवून उभा आहे. तारीख गेली म्हणून मला आतून बरंच वाटलं. एसटीचा पास वाचला, पुस्तकं वाचली, पोरीला रोज एवढ्या लांब पाठवायची काळजी वाचली. मुलीच्या जातीला दहावी बास, असं मी तोंडानं कुणाला म्हणालो नाही, पण मनात तेच होतं. पोरगी एका शब्दानं बोलली नाही. खुरपं घेऊन आईच्या मागं गेली. तीन वर्षांनी तिचं लग्न करून दिलं. लग्नात मोठमोठे महाराज आशीर्वादाला आले होते.

माझ्या बापाकडं काही नव्हतं. हात फुटेपर्यंत खडी फोडून तो रात्री माझी अक्षरं राखत बसला. माझ्याकडं ऐपत आली, मान आला, मोटारी आल्या, आणि मी माझ्या लेकीची अक्षरं वाऱ्यावर सोडली.

हे मला कळलं कधी? 2009 च्या वारीत. पुन्हा लोणंद. एक बाई पाया पडायला आली, कुठल्या गावची ते आता आठवत नाही. म्हणाली, "महाराज, चार वर्षामागं हितंच तुमचं मुक्ताईचं कीर्तन ऐकलं आन् घरी जाऊन मालकाशी भांडून पोरीला अकरावीला घातली. आता ती नर्सिंगला हाय." आणि मला साखर दिली. ती साखर मी तोंडात टाकू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, तरडगावला मुक्काम. संध्याकाळी समाजआरती. वारीला न गेलेल्या पोरांसाठी सांगतो. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. माऊलींचे चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं गप्प होतं. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय अडचण आहे ते विचारतात, ऐकून घेतात. तोवर आरती होत नाही. त्या दिवशी लांब कुठंतरी एका दिंडीचा टाळ वाजत राहिला. पाण्याचा टँकर भलतीकडं गेला होता, एवढीच गोष्ट. पण चोपदार गर्दीतनं वाट काढत तिथवर गेले.

मी आपल्या दिंडीत गप्प टाळ धरून उभा होतो. माझ्या घरात किती वर्षं टाळ वाजत होता! लोणंदचा निरोप म्हणजे टाळ. खुरपण्याचे पैसे का देवाचे, हा प्रश्न म्हणजे टाळ. पोरगी काही न बोलता खुरपं घेऊन गेली, तोसुद्धा टाळच. मी एकदाही तिथवर चालत गेलो नाही. तसाच आरती म्हणत राहिलो.

आषाढी झाली, काला झाला, आणि पंढरपूरहून मी घरी न येता थेट लेकीच्या सासरी गेलो. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हणालो, "बाय, माझं चुकलं." तिनं हात थांबवला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "नाना, माफी मागाय आलाय, का कीर्तनात सांगायला दृष्टांत न्यायला आलाय?"

बापजन्मात मला कुणी असं बोललं नव्हतं. आणि ती बरोबर बोलली होती, कारण वाटेत एसटीत बसल्या बसल्या हा प्रसंग कीर्तनात कसा रंगेल, असा एक विचार माझ्या मनाला शिवून गेला होता. लेकरू बापाला ओळखतं. त्या दिवशी मी तिला शब्द दिला की हे कुठंही बोलणार नाही. पंधरा वर्षं पाळला. आज बोलतोय ते तिला विचारून बोलतोय. ती समोरच बसली आहे.

ती माझ्यासाठी थांबली नव्हती. 2010 ला तिनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम घेतला. पहिल्या फीसाठी दोन शेळ्या विकल्या, मला विचारलंसुद्धा नाही. पदरात लेकरू, रात्री अभ्यास. पुढच्या वर्षांची फी मी दिली. पाकिटातली नाही, मटकी विकून दिली, तिनं तीच घेतली असती. 2014 ला ती बीए झाली. आज अंगणवाडीत सेविका आहे. यात माझं मोठेपण काही नाही, जी वाट तिनं तिची तिनं पाडली, तिच्या कडेला मी जरा पाणी घेऊन उभा राहिलो, इतकंच. गेलेली पाच वर्षं काही मी तिला परत देऊ शकलो नाही.

आता यंदाचं. लेकीपुढं चूक कबूल केली, पण घरातला थोरला टाळ अजून वाजतच होता. कारभारणीनं पंढरपूर पाहिलंय, एसटीनं जाऊन. चालत एकदाही नाही. मी एकोणचाळीस वाऱ्या केल्या त्या कशाच्या जोरावर? ती दावणीला राहिली म्हणून. माघ महिन्यात मी म्हणालो, यंदा दिंडीला शंभर वर्षं होतायत, तू चाल. ती म्हणाली, "आन् म्हस?" मी म्हणालो, मी आहे की. ती एवढी हसली की शेजारीण बघायला आली.

ती तुमच्याबरोबर निघाली. आणि मी घरी. पहिल्या दिवशी म्हैस जवळ उभं करून घेईना. दुसऱ्या दिवशी लाथ घातली, चरवी एकीकडं, महाराज एकीकडं. शेवटी शेजारच्या म्हातारीनं युक्ती सांगितली. कारभारणीचं जुनं पातळ डोक्यावरनं घेऊन बसलो, तेव्हा कुठं पान्हवली. गावोगावच्या फेट्यांनी सत्कार झालेलं हे डोकं, मंडळी, त्या पातळाखाली वीस दिवस होतं! हसा, हसा. मीही हसलो. पण त्या अंधाऱ्या गोठ्यात, पातळाच्या वासात, एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या जनावरानं माझं एकही कीर्तन ऐकलेलं नव्हतं, आणि त्याला मी कोणीच नव्हतो. चाळीस वर्षांत मी त्याच्यासाठी काही केलेलंच नव्हतं.

भाकरी करपल्या. खुरपणीला बायका सांगायच्या राहिल्या. रात्री हरिपाठ एकट्यानं म्हटला, भिंतीला टेकून. आषाढी एकादशीला सगळं गाव रिकामं आणि मी शेण भरत होतो, तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. चंद्रभागा डोळ्यापुढं होती. वारी चुकल्याचं दुःख काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. तिनं ते दरवर्षी भोगलं होतं, आणि मी परत आलो की तिनंच माझे पाय चेपले होते.

ती परत आली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, पाय सुजलेले, तोंड उन्हानं काळं आणि उजळलेलं. मी पाण्याचा तांब्या दिला आणि तिचे पाय चेपायला बसलो. तिनं चेपून घेतले. जरा वेळानं म्हणाली, "चालणं सोपं असतंय की वो. मी उगंच एवढी वर्सं तुमचं पाय चेपत हुते."

झालं. याच्यावर मी निरूपण करत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, महाराज, काही असलं तरी वारी चुकवू नये. तुमचं खरं आहे. मी चुकवली, त्याचा जाब पांडुरंगानं मागितला तर मी देईन. पण ज्या देवाला पुंडलिकानं आईबापाचे पाय चेपताना विटेवर थांबवलं आणि जो अजून थांबलेला आहे, तो माझं म्हणणं निदान ऐकून तरी घेईल, एवढा मला भरवसा आहे.

आता शेवटची दोन मागणी, दिंडीच्या मालकांपुढं आणि पंचांपुढं. एक, दरवर्षी आपल्यातल्या पाच-सहा पुरुषांनी पाळीनं मागं राहावं आणि दहा-बारा घरांची जनावरं मिळून सांभाळावीत, म्हणजे ज्या माऊल्या आजवर चालल्या नाहीत त्या चालतील. पहिल्या पाळीला माझं नाव लिहा. म्हैस मला आता ओळखते. दुसरं, प्रस्थानाच्या आधी, भिशीचे पैसे गोळा करताना प्रत्येक घराला विचारावं: पोरांचे, आणि पोरींचे, शाळा-कॉलेजचे फॉर्म भरून झाले का? ज्याचा राहिला असेल त्यानं आधी तो भरावा आणि मग वाटेत येऊन गाठावं. दिंडी लोणंदला, फलटणला कुठंही सापडते. फॉर्मची तारीख सापडत नाही.

हे भाषण मी वहीत लिहून आणलं होतं. चौथीच्या अक्षरात. लेकीनं काल रात्री ते तपासलं, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. माझ्या चुकीचा भाग आला तिथं मी म्हणालो, इथं थोडं कमी करू का? ती म्हणाली, "राहू द्या. वाचा पुढं." चिमणीपुढं तात्या बसायचे तशीच बसली होती.

रामकृष्णहरी.